काहीच न करायचं गाव

“ज्या गावात आपण काहीही करणार नाही, तेच गाव उद्या इतिहास घडवेल,” असं कमळाकर सरांनी शहापूरच्या मंगल कार्यालयात बोट वर करून जाहीर केलं. त्यांच्या मागे आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती, त्यामुळे इतिहास रितेश आणि भाविका मिळून घडवणार असा काहींचा समज झाला. तेवढ्यात मंडपवाला आला आणि माइक घेऊन गेला. त्याचं पुढचं लग्न किन्हवलीला होतं. उरलेला इतिहास सरांनी ओरडून सांगितला.

साल शहाण्णव. एका संस्थेचा लहान मुलांच्या आरोग्याचा कार्यक्रम मुरबाड-शहापुरात सुरू व्हायचा होता. कार्यक्रम आखायचा कसा आणि तो लागू पडला की नाही हे तपासायचं कसं, ते कार्यकर्त्यांना शिकवायला सर पुण्याहून आले होते. त्यांचं म्हणणं सरळ होतं. सारखी दोन गावं घ्यायची. एकात सगळं शिकवायचं: पाणी उकळा, हंड्यावर झाकण ठेवा, साबणाने हात धुवा, पोराला जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पाजा. दुसऱ्यात फक्त पोरं मोजायची. काही शिकवायचं नाही, काही द्यायचं नाही, कोणी विचारलं तरी सांगायचं नाही. दोन वर्षांनी दोन्हीकडे बघायचं, म्हणजे फरक आपल्यामुळे पडला की आपोआप ते कळेल. या दुसऱ्या गावाला तुलनेचं गाव म्हणायचं. तिथे जो कार्यकर्ता तोंड उघडेल त्याने दुसरी नोकरी बघावी, हेही सर म्हणाले, आणि हे मात्र माइक नसताना शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

चिठ्ठ्या टाकल्या. शिकवायचं गाव निघालं वैशाखऱ्याजवळचं. काही न करायचं निघालं उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, मोहाची वाडी.

मोहाची वाडी हे सरिताचं माहेर.

शेवटच्या रांगेत बसलेल्या सरिताने तेव्हाच हात वर करायला हवा होता. पण सकाळी जिने हात वर केला तिला अहवाल लिहायला बसवलं होतं. शिवाय सरिता नवीन होती. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून सापगावच्या घरातली चूल तिच्या पगारावर पेटत होती. तिने हात मांडीखाली दाबून धरला आणि वर जाऊ दिला नाही.

गौरीला ती माहेरी गेली. भावाच्या पोरीला जुलाब लागले होते. सरिता दुपारभर टिकली. चार वाजता तिने आईला, म्हणजे गिरजाबाईला, मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवलं. एकदा तोंड उघडल्यावर उकळलेलं पाणी, झाकण, साबण हेही मागोमाग बाहेर पडलं. पोरगी उठून बसली. गिरजाबाईने ते विहिरीवर सांगितलं, आणि विहिरीवर सांगितलेली गोष्ट वाडीला पुरून वर वाडीच्या लेकी जिथे जिथे दिल्यात तिथवर जाते. सरांच्या आराखड्यात रस्ते होते, ओढे होते. लेकी कुठे दिल्यात याचा रकाना नव्हता.

तेव्हापासून दीड वर्ष सरिता घाबरून होती. ऑफिसात फोन वाजला की ती जेवणाचा डबा मिटून उभी राहायची. साहेबांनी “सरिता, जरा इकडे ये” म्हटलं की ती आधी आपलं टेबल आवरायची. साहेबांना बहुतेक वेळा चहा हवा असायचा.

मग अठ्ठ्याण्णवच्या मार्चात कळलं की मूल्यमापनाला सर स्वतः येणार, मोहाच्या वाडीत मुक्काम करणार, आणि सोबतीला सरिता जाईल, कारण तिला तिकडची वाट माहीत आहे असं कोणीतरी सांगितलं.

ती एक दिवस आधी वाडीत पोचली. बायकांना आईच्या ओटीवर जमवलं आणि हात जोडून सांगितलं की उद्या कोणालाही काहीही ठाऊक नसायला हवं, नाहीतर तिची नोकरी गेली. गुणाबाई वाडीतली सगळ्यात हजरजबाबी. तिने विचारलं, “किती येडं व्हायचं गो? थोडं, का पार?”

पार, असं ठरलं. सरिताने तालीम घेतली. अज्ञान कसं दाखवायचं, प्रश्न आला की आधी एकमेकींकडे कसं बघायचं, हसू आलं तर पदर कुठे घ्यायचा. तिने आयुष्यात आखलेलं हे सगळ्यात चांगलं प्रशिक्षण. उद्दिष्ट एकच होतं आणि ते प्रत्येकीला पाठ होतं. हंड्यांवरची झाकणं माळ्यावर गेली. उकळलेलं पाणी ओतून टाकून ओढ्याचं भरलं. साबण, ते ठेवायच्या करवंट्यांसकट, लपवले. तरीही तिला धीर येईना. शेवटी तिने आईचा हात स्वतःच्या गळ्याला लावला. “माझ्या गळ्याची शपथ, आई. कायपण झालं तरी तुला ठावं नाय.”

गिरजाबाईचा चेहरा उतरला. अशी शपथ मोडली तर जिच्या गळ्याची घेतली ती जगत नाही, हे तिला कोणत्याही संस्थेने शिकवलेलं नव्हतं. ती बरं म्हणाली.

सर आले. जीप त्यांना सोडून गेली, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी यायची होती. लोक पितात तेच पाणी आपण प्यायचं हा सरांचा नियम. गिरजाबाईच्या उघड्या हंड्यातलं तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवलं. सरिताने ते बघितलं आणि दुसरीकडे बघितलं.

तालीम कामी आली. जुलाबावर काय करता, असं विचारल्यावर बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि देवाला नारळ म्हणून सांगितलं. हात कधी धुता, यावर गुणाबाईने आपले दोन्ही हात प्रथमच दिसल्यासारखे उलटसुलट करून पाहिले. सर समाधानाने लिहीत होते. एकदाच ते थांबले. मोरीच्या दगडावर करवंटीच्या आकाराचा पांढरा ओला डाग होता. सरांनी तो बराच वेळ न्याहाळला. सरिताला वाटलं, आता पायाखालचा दगड हलणार. पण सर वहीचं पान उलटून पुढच्या घरी गेले.

उजाडता उजाडता सर तिसऱ्यांदा माळावरून परत आले ते भिंतीला धरून. त्यानंतर त्यांना गिरजाबाईच्या ओटीवरच्या खाटेवरून उठवेना. डोळे खोल गेले, ओठ सुकले. सरिताने त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. असं झालं की माणसाचं पाणी संपत आलं, हे शहापुरात सरांनीच शिकवलं होतं, स्वतःच्या हाताला चिमटा काढून दाखवत. तेव्हा सगळे हसले होते.

डॉक्टर कसाऱ्याला. उंबरमाळीच्या थांब्यापर्यंत रानातली उतरण, आणि सरांना तर बसताही येत नव्हतं. खाटेभोवती वाडीतल्या सगळ्या बायका उभ्या होत्या. सगळ्यांना काय करायचं ते ठाऊक होतं आणि सगळ्या सरिताकडे बघत होत्या. कोणी हललं नाही. तालीम फारच चांगली झाली होती.

सरिताच्या डोळ्यांपुढे सापगावची विझलेली चूल आली. मग सरांनी कण्हून मान टाकली आणि चूल दिसेनाशी झाली.

“आई, पाणी उकळ. मीठ-साखर काढ.”

“माला काय ठावं नाय,” गिरजाबाई म्हणाली.

“आई गो, माणूस मरंल.”

“तू मरशील. गळ्याची घातलीस ना? मी नाय मोडायची.” तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले. “सुटली म्हण. मोठ्यान म्हण, सगळ्यांदेखत. पुटपुटलेली नाय चालत.”

मोठ्याने म्हणायचं म्हणजे खाटेवर ऐकू जाणार. सरिताने एकदा सरांच्या मिटल्या डोळ्यांकडे पाहिलं, गळ्याला हात लावला आणि म्हणाली, “मी घातलेली शपथ सुटली. तुमाला सगळं ठावं हाय.”

वाडी धरण फुटल्यासारखी सुटली. माळ्यावरून झाकणं उतरली, चुली पेटल्या, गुणाबाई कोपरापर्यंत हात खरवडू लागली. मिठाची चिमूट दोन बोटांची की तीन, यावरून भांडण जुंपलं. पाणी डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट नको एवढ्यावर मात्र एकमत होतं. तुलनेला डोळ्यांतलं पाणी लागणार होतं. सरिताच्या गालावर ते तयारच होतं. गुणाबाईने बोटाने टिपून चाखलं आणि चिमूट दोन बोटांची ठरवली.

सर घोट घोट प्यायले. गिरजाबाईने चमच्याने पाजलं आणि दर चमच्याला लेकीकडे बघितलं, ती जिवंत आहे ना ते. दुपार कलली तशी चिमटीतली कातडी परत जागेवर बसायला लागली. सरांनी डोळे उघडले. समोर झाकण घातलेले हंडे, उकळतं पाणी आणि कोपरापर्यंत स्वच्छ गुणाबाई.

सरिता खाटेच्या पायथ्याशी बसली आणि तिने सगळं सांगितलं. माहेर, न वर केलेला हात, भावाची पोर, विहीर, तालीम, ओढ्याचं पाणी. दोन वर्षांची मोजणी वाया गेली ती आपल्यामुळे, आणि सर आजारी पडले तेही आपल्यामुळे. नोकरी जाणार हे मान्य आहे, फक्त वाडीचं नाव खराब करू नका.

सर छताकडे बघत ऐकत होते. चेहरा शहापुरातल्यासारखाच गंभीर. ती थांबल्यावर त्यांनी हळूहळू उजव्या हाताचं बोट वर केलं. गिरजाबाईने लेकीचा दंड धरला.

“सरिताताई,” सर म्हणाले, “ते आपण नंतर बोलू. आधी कोणीतरी टमरेल भरून द्या. आणि काल करवंटीतला साबण कुठे लपवलात, तोही काढा.”