धुरावर फिरतो, उष्ट्यावर नाही

मित्रांनो, मी एक जुना टर्बोचार्जर आहे, आणि मला भंगारात टाकायचं ठरलं होतं. मी गेलो नाही. रडगाणं ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा.

दिसायला मी गोगलगाईच्या दोन शंखांसारखा. मधून एकच दांडा, आणि त्याच्या दोन टोकांना पात्यांची दोन चाकं. इंजिन जो तापलेला धूर बाहेर फेकतं, त्याच्या धक्क्याने माझं एक चाक फिरतं. त्याच दांड्यावर दुसरं चाकही फिरतं आणि बाहेरची ताजी हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की डिझेल जास्त जाळता येतं, आणि ताकद वाढते. एवढाच माझा धंदा.

गोंदिया वेगळं होऊन भंडारा जिल्हा लहान झाला. त्यानंतर काही वर्षांनी शहापूरच्या संघपालने पिकअप गाडी घेतली, तिच्या पोटात मी होतो. दिघोरीकडचा धान तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पोचवायचं काम त्याला मिळालं होतं. खळ्यावरून पोती भरली की रस्ता तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचा. चढ उभा, माती भुसभुशीत.

माझा एक दोष आहे, तो मी लपवत नाही. पाय दाबला की मी लगेच धावत नाही. आधी धुराचा जोर वाढावा लागतो, मग मला चेव येतो. संघपालने हे ओळखलं होतं. पाळीच्या पायथ्याशीच तो रेस वाढवायचा आणि माझी शिटी चढली की मगच गाडी चढावर घालायचा. खळ्यावरच्या बाया म्हणायच्या, "आली वं संघपालची कोकिळा!"

मग मिलचा हंगाम आला आणि याच संघपालने माझ्या नाकातोंडात माती घातली.

मिलच्या आवारात कोंडा धुक्यासारखा उडतो. गाडीचा एअर फिल्टर त्याने सारखा भरायचा. तिथल्या ड्रायवरांनी यावर एक शक्कल काढली होती: फिल्टरच काढून टाका! "मोकळा श्वास घेऊ दे ना गाडीले," असं म्हणत त्यांनी संघपाललाही पढवलं. त्याने फिल्टर काढून सीटमागे फेकला. काही दिवस गाडी खरंच हलकी पळाली. तो खूश. मी मात्र कोंडा गिळत होतो, धूळ चावत होतो. माझ्या पात्यांच्या कडा झिजल्या, दांडा डगमगायला लागला. शिटीचं कण्हणं झालं. गाडी काळा धूर ओकायला लागली, आणि एक दिवस भरल्या पोत्यांसकट पाळीवर अर्ध्यातच थांबली. माणसांनी पोती पाठीवर घेऊन वर नेली, तेव्हा ती निघाली.

मिलमध्ये पोचायला उशीर झाला. मालकाचा मुलगा भुपेंद्र आवारात उभाच होता. त्याच्याकडे नागपूरहून आणलेली जुनी विदेशी पेट्रोल कार होती आणि तिच्यात सुपरचार्जर, म्हणजे हवा दाबणारं दुसऱ्या तऱ्हेचं यंत्र, होता. तो बॉनेट उघडून सगळ्यांना दाखवत होता.

"काय बे संघपाल, कोकिळा मेली काय?"

"चढावर दमली, भुपेंद्रभाऊ."

"दमनारच ना! तुहा टर्बो धुरावर जगते. उष्टं खानारा तो! माहा पाह्य, सुपरचार्जर. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरते. पाय ठेवला का ताकद हजर. परवाच्या खेपेले असाच अडकला तं मी दुसरी गाडी लावतो. सांगून ठेवतो."

आजूबाजूचे हमाल हसले. संघपाल पोती उतरवायला वळला. 'उष्टं' हा शब्द त्याच्या घरात कुठे जाऊन लागतो, हे हसणाऱ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या सकाळी गाड्या दुरुस्त करणारे दादाजी मिस्त्री संघपालच्या अंगणात नट-बोल्टचे पाने मांडून बसले. संघपाल म्हणाला, "काढा दादाजी, फेका भंगारात. पाइप सरळ जोडून द्या. उष्टं खानारं मले गाडीत नाही पाहिजे."

भिंतीला टेकून तांदूळ निवडणारी त्याची आई, विमलाबाई, तिथूनच बोलली, "कोन उष्टं खाऊन राहिला बापा?"

"हा टर्बो. भुपेंद्र म्हने. इंजिनानं फेकलेल्या धुरावर जगते."

"अन् त्याचा तो?"

दादाजी म्हणाले, "तो इंजिनाच्याच ताकदीतून आपला वाटा घेते, मावशी. काम जलद करते, खोटं कायले बोलू? पन आधी इंजिनाच्या ताटातलं उचलते, मंग देते. हा वाया चाललेला धूर कामाले लावते. थोडा उशिरा जागते, एवढंच. काढला तं गाडी भरल्या पोत्यांनी पाळ चढनार नाही."

विमलाबाईने सूप खाली ठेवलं. "आयक संघपाल. छप्पन सालात दीक्षा घेऊन तुह्या आज्यानं उष्ट्याची टोपली पाटलाच्या दारात फेकून देल्ली. उष्टं म्हनजे दुसऱ्याच्या ताटातलं, मान खाली घालून घेतलेलं. हा धूर तं ह्याच इंजिनाच्या मेहनतीचा हाय. आपल्या घामाले कोनी उष्टं म्हटलं, तं तू घाम फेकून देशीन काय?"

संघपालने बॉनेट वर धरलं. दादाजींनी माझा हवेचा पाइप उपसला. भळकन कोंडा सांडला.

"हे काय बे?" दादाजी ओरडले. "हवा पिनाऱ्याले कोंडा चारला? फिल्टर कोठी हाय?"

"सीटमागं."

"काहून? सीटले खोकला झाला होता?"

विमलाबाई पदर तोंडाला लावून हसली. संघपालच्या कानशिलांपर्यंत लाज चढली. तो खाली बसला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला पुसायला घेतलं. दादाजींनी डगमगणारा दांडा बदलला, झिजलेलं चाक बदललं, तेलाची नळी साफ केली, नवा फिल्टर घट्ट बसवला. शंख तेच जुने राहिले. मीही तोच राहिलो. तुम्ही नवे दात बसवले म्हणून दुसरे कोणी होता काय?

परवाची खेप आली. पोती तितकीच, पाळ तीच. पायथ्याशी संघपालने रेस वाढवली आणि कान टवकारले. घाई केली नाही. मी धूर अंगावर घेतला, फिरलो, शिटी घुमवली. मागची चाकं एकदा मातीत रुतली, पण मी हवा कमी पडू दिली नाही. गाडी वर आली! खळ्यावरून कोणीतरी ओरडलं, "अवं, जिवंत हाय कोकिळा!"

मिलच्या फाटकात भुपेंद्रने विचारलं, "वेळेवर आला? काय नवीन लावलं बे?"

"काहीच नाही, भुपेंद्रभाऊ. तोच हाय. कोंडा तेवढा काढला." संघपालने गाडी मिनिटभर हळू चालू ठेवली, मला निवू दिलं, मगच चावी फिरवली. मग म्हणाला, "अन् त्याले उष्टं खानारा म्हनू नका. मलेही नाही."

या वेळी हमाल हसले नाहीत. भुपेंद्रने हातानेच पोती आत घ्यायला सांगितलं.

मित्रांनो, सुपरचार्जरशी माझं भांडण नाही. तो त्याच्या जागी शूर आहे. पण मला कमी लेखाल तर ऐकून घेणार नाही. मला तुमची दया नको. स्वच्छ हवा द्या, वेळेवर तेल द्या, धावून आल्यावर निवायला मिनिटभर द्या. हा माझा हक्क आहे. आधी कोंडा चारायचा आणि मग 'दमला' म्हणून हसायचं, हे माझ्याशी करू नका आणि माणसांशी तर मुळीच करू नका. चढ अजून पुष्कळ आहेत. मी शिटी मारत येतोय. बाजू द्या.