मुकं बटण

"तो बसलाय तोवर बार्टलीची एकही धून मी वाजवायची नाही," डेलियाने कॉन्सर्टिनाचा, त्या हातात मावणाऱ्या बटणांच्या पेटीचा, भाता आवळून धरला. "उचलून नेईल मेला."

"धून काय कोंबडी आहे, उचलून न्यायला?" पबचा मालक जेर हसला.

डेलियाला हसू आलं नाही. कोलमन गार्वी याच गावचा, पण तरुणपणी डब्लिनला पळाला आणि केस वाढवून विजेची गिटार बडवत राहिला. बँड मोडल्यावर फिडल, म्हणजे व्हायोलिनच, घेऊन परतला, आणि गेल्या हिवाळ्यात तिच्या आजारी भावाच्या, बार्टलीच्या, उशाशी येऊन बसू लागला. एवढा पुळका कशासाठी? तिच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. भाऊ गेला आणि परवा रेडिओवर ढोल-गिटारच्या दणदणाटात बार्टलीने स्वतः रचलेली धून लागली. निवेदिका म्हणाली, कोलमन गार्वींची नवी धून! डेलियाने चार सूर ऐकून रेडिओ बंदच केला. भावामागे राहिलं होतं तरी काय? शेत विकलेलं, मूलबाळ नाही. ही एवढी धून.

रविवारची दुपार. वादक टेबलाभोवती बसले, आणि कोलमनने नेमकी तीच धून धरली.

"निर्लज्ज!" डेलिया पुटपुटली आणि चोर पकडायचाच म्हणून जोडीने वाजवू लागली. दुसऱ्या भागात एका सुरावर तिची कॉन्सर्टिना एकटीच वाजली. कोलमनचा गज अधांतरी थांबला होता.

ती वरमली. कॉन्सर्टिना बार्टलीचीच. तिचं एक बटण कित्येक वर्षं मुकं होतं. तो सूर आला की बार्टली नुसत्या भुवया उडवायचा आणि पुढे जायचा. तो गेल्यावर तिनेच ते दुरुस्त करून घेतलं होतं.

"ही धून कुणाकडून घेतलीस?" वाजवून संपल्यावर तिने विचारलं. धून वाजवणाऱ्या कुणालाच इथे हा प्रश्न चुकत नाही.

"बार्टलीकडून. त्याचीच आहे, मावशी. रेकॉर्डवर नाव छापलंय. रेडिओवाली वाचेल तर ना!"

"आणि तो ढोल?"

"त्या सुरावर ढोलही थांबतो. ढोलवाल्याने शिव्या घातल्या मला. तुम्ही पुरती ऐकलीत का?"

ऐकली नव्हती. "रेकॉर्ड घेऊन ये," ती म्हणाली. "नाव माझ्या डोळ्यांनी बघेन, मग बोलू. तोवर पुन्हा वाजव."

या वेळी तो सूर जवळ आला तेव्हा तिचं बोट बटणावर टेकलं. तिने ते दाबलं नाही. अख्खं टेबल क्षणभर गप्प झालं, आणि धून पुढे गेली.