नऊ खाचा

गोदामाच्या डॉकवर मास्तरने काठीचं पितळी टोक ड्रायव्हरच्या अंगठ्यावर अलगद टेकवलं, नेम पारखून घेतल्यासारखं, आणि मग काठी वर उचलली.

"सतरा मिनिटं," तो म्हणाला.

"चढावर एक गाडी आडवी झाली होती, मास्तर. मी काय—"

"मशीन काय म्हणत होतं?"

"नऊ वाजून दहा."

"आणि तू आलास कधी?"

उत्तराची वाट न पाहता काठी खाली आली. डॉकच्या लोखंडी कडेवर हाड फुटल्याचा आवाज फार मोठा नसतो. ओल्या फडक्यात गुंडाळून सुकी फांदी मोडावी, तेवढाच. ड्रायव्हर ओरडला नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि कपाळ लोखंडाला टेकवून तोंडाने श्वास घेऊ लागला. मास्तरने दुसरा फटका खांद्यावर दिला. तिसरा बरगडीत, पण तो घाईघाईने, उरलेलं काम आवरल्यासारखा.

"ऊठ आता. परतीचा माल भरून झालाय. उद्या सकाळी सहाला इथं गाडी दिसली पाहिजे."

खोक्यांच्या थप्पीमागे ती वही घेऊन उभी होती. वहीच्या पानावर एकच ओळ होती: अंगठ्याचे प्रयत्न, का?

कोणती गाडी किती वाजता पोचेल आणि तिला किती उशीर होईल, हे आधीच सांगणारं मॉडेल तिने दोन वर्षं खपून बांधलं होतं. आधीच्या हजारो फेऱ्यांवरून ते शिकत असे. अंतर, पाऊस, मालाचं वजन, गाडीचं वय असे एकसष्ट रकाने त्याच्यापुढे होते, आणि त्यांतला एक तिला छळत होता. बाहेर पडताना प्रत्येक ड्रायव्हर गेटवरच्या यंत्राला अंगठा लावायचा. ज्याचा अंगठा यंत्र पाचाहून जास्त वेळा नाकारायचं, त्याची पुढची फेरी हमखास वेळेवर पोचायची. वंगण असेल, धूळ असेल, असं म्हणून तिने काही महिने तो प्रश्न बाजूला ठेवला. मग राहवेना, म्हणून आज खाली उतरली.

ड्रायव्हर गेटपाशी गेला. ती काही अंतर ठेवून मागोमाग गेली. त्याने काचेवर अंगठा टेकवला. यंत्र लाल झालं. पुन्हा टेकवला. पुन्हा लाल. सातव्या वेळी काचेवर रक्ताचा पट्टा उमटला.

"अरे, डावा लाव की," पहारेकरी म्हणाला.

"डाव्याची नोंद नाही माझ्या."

पहारेकऱ्याने सुस्कारा सोडला, बाहीने काच पुसली आणि ड्रायव्हरचा फुटलेला अंगठा आपल्या दोन बोटांत धरून काचेवर दाबला. दाबून धरला. तेव्हा मात्र ड्रायव्हरच्या घशातून आवाज निघाला. यंत्र हिरवं झालं.

तिने वहीत आठ लिहिलं. सवयीने.

"दवाखान्यात जा," ती त्याला म्हणाली. "शेवटचं कधी झोपलात?"

"परवा." तो केबिनच्या पायरीवर डाव्या हाताने चढत होता. "उद्या सहाला पोचायचंय, ताई. मशीन म्हणतंय."

गाडी निघून गेली. पायरीखाली चार-पाच थेंब पडले होते. ते पाहत ती उभी असतानाच मागून हाक आली.

"अहो, आकडेवाल्या मॅडम! तुम्ही आणि खाली? वरचा एसी बिघडला की काय?"

मास्तर हसत होता. वरमल्याचं नाव नाही. त्याने तिला चहा मागवला, खुर्ची पुसून दिली.

"तुमच्या मशीनचे फार उपकार आहेत. पूर्वी उशीर कशाला म्हणायचं, इथूनच हुज्जत. आता मशीन मिनिट सांगतं. मला फक्त हात चालवायचा."

"रोज?"

"छे हो. नडला तरच." त्याने काठी मांडीवर आडवी घेऊन पितळी टोक रुमालाने पुसलं. "ही कोणाची काठी आहे, माहितीये? घड्याळकाकांची. तुमच्या आधीची गोष्ट. माल किती उंच रचलाय ते मोजायची काठी ही, दोन मीटर. काकांच्या वेळी एक गाडी उशिरा यायची नाही. मशीन नाही, काही नाही. का, सांगू?"

तिने कप खाली ठेवला. घड्याळकाका हे तिच्या बाबांचं इथलं नाव होतं. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. आपण त्यांची मुलगी, हे तिने इथे कोणाला सांगितलं नव्हतं. वशिल्याने आली असं कोणी म्हणायला नको, म्हणून.

"ही उजवी कड बघा. नऊ खाचा. एक खाच म्हणजे एक मोडलेला हात. जो तो आत आला की आधी या खाचा मोजायचा आणि गप्प व्हायचा."

"आणि ही मधली एवढी मोकळी जागा?"

"त्या वर्षी कोणी नडलंच नाही म्हणतात!" मास्तर खळखळून हसला. मग त्याने काठी फिरवली. "डावी कड माझी. तेवीस. आजची धरून चोवीस. आकड्यात काकांच्या पुढे गेलो, पण ती जरब काही येत नाही बघा."

"काकांना मारताना पाहिलंय तुम्ही कधी?"

"पाहायला कशाला हवं? खाचा आहेत की."

तिने काठी मागितली. उभी धरली, जमिनीवर टेकवली आणि सहज म्हणून तिच्याजवळ सरकली. सर्वांत वरची खाच तिच्या भुवईशी आली. तिच्याखालची अगदी लागून. त्याखाली ती मोकळी जागा, चांगली चार बोटं. अकरावं सरून बारावं लागलं ते वर्ष, जेव्हा तिचे सगळे फ्रॉक गुडघ्यांच्या वर गेले आणि आईला खाली पट्ट्या जोडाव्या लागल्या होत्या. बाबा वर्षातून एकदा ही काठी खांद्यावर टाकून घरी आणायचे. तिला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करायचे, डोक्यावर पुस्तक आडवं ठेवायचे आणि खिशातल्या चाकूने लाकडात खाच पाडायचे. हलू नकोस, खाच चुकेल. पाचव्या वर्षापासून तेराव्या वर्षापर्यंत.

डाव्या कडेच्या खाचा एकसारख्या अंतरावर, नीटनेटक्या होत्या. सर्वांत वरची अजून पाडायची होती.

तिने काठी परत केली. तळहाताला काहीतरी चिकट लागलं होतं.

दुपारी साहेबांनी तिला बोलावलं. सोमवारपासून सगळ्या डॉकवर मास्तरची पद्धत लागू होणार होती आणि ती शिकवायला खुद्द मास्तर जाणार होता.

"सर, त्या अंगठ्याच्या रकान्याचं कारण मला सापडलंय."

साहेबांनी हात वर केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा. "कारण कशाला हवं? आकडा बरोबर येतोय ना?"

"पण रकान्यांच्या यादीत त्याच्या पुढचा 'अर्थ' रिकामा आहे."

"राहू दे रिकामा," ते शांतपणे म्हणाले. "सगळंच लिहायचं नसतं."

त्यांना ठाऊक होतं. ती जागेवर येऊन बसली, तरी तिच्या डोळ्यांपुढून तो वर केलेला हात जाईना. मग तिला आठवलं की मॉडेलला शिकवताना तिने काही फेऱ्या गाळल्या होत्या. पोचण्याची वेळच नोंदलेली नाही, अशा. वेळ नाही तर मॉडेल शिकणार काय? एका ओळीची आज्ञा दिली होती आणि त्या नाहीशा झाल्या होत्या. आता तिने त्या परत काढल्या. पाचाहून जास्त प्रयत्नांनंतर निघालेल्या अशा फेऱ्या चार होत्या. चारही गाड्यांचे क्रमांक तिने अपघातांच्या नोंदीत शोधले, आणि चारही सापडले. पहिल्या फोटोत केबिन सीटपर्यंत चेपलेलं होतं. दुसऱ्यात स्टिअरिंगमध्ये एक बूट अडकला होता, पायासकट. तिसऱ्या नोंदीत लिहिलं होतं, चालकाला झोप लागली असावी. चौथा फोटो तिने उघडला आणि मिटला.

जे पोचले, ते शंभरात शहाण्णव वेळा वेळेवर पोचले होते.

ती घरी आली तेव्हा बाबा भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेऊन त्याचा सेल बदलत होते.

"आज बारा मिनिटं उशीर."

"बाबा, ती काठी आठवते? माझी उंची मोजायचात ती?"

"डॉकची होती. डॉकवर ठेवून आलो." ते हसले. "एका वर्षी अशी वाढलीस, मला वाटलं मीच आदल्या वर्षी खाच चुकवली."

"तिथं म्हणतात, त्या खाचा म्हणजे तुम्ही मोडलेले हात."

बाबांचं हसू लगेच गेलं नाही. चेहऱ्यावर राहून गेल्यासारखं थोडा वेळ तसंच राहिलं.

"म्हणायचे," ते म्हणाले. "माझ्या तोंडावर म्हणायचे."

"तुम्ही सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही." त्यांनी सेल जागेवर बसवायचा प्रयत्न केला, तो निसटला. "गाड्या वेळेवर यायला लागल्या होत्या, बाळा. मी म्हटलं, राहू दे. मी तर कोणाला बोट लावत नाही."

"चोवीस झाले, बाबा."

"काय चोवीस?"

"दुसऱ्या कडेला. त्याला वाटलं, तुम्ही तसंच करत होतात. आजचा माझ्यासमोर फोडला. अंगठा."

बाबांच्या डाव्या हाताने उजवा अंगठा मुठीत घेतला होता, आणि ते त्यांना कळलेलं दिसत नव्हतं.

तिने टेबलावर लॅपटॉप उघडला. रकान्यांची यादी काढली. 'अंगठ्याचे प्रयत्न', आणि त्यापुढे ती रिकामी चौकट. तिने लिहिलं: डॉकवर मास्तरने काठीने अंगठा फोडलेला असणे, प्रयत्न जितके जास्त, जखम तितकी ताजी. खाली आणखी एक ओळ लिहिली: न पोचलेल्या चार फेऱ्या मी स्वतः गाळल्या होत्या, त्या सोबत जोडत आहे. ही यादी ज्या-ज्या लोकांना जायची, त्या सगळ्यांना तिने ती पाठवली. साहेबांना आणि साहेबांच्या वरच्यांना. पोलिसांचा पत्ता शोधायला थोडा वेळ लागला.

मग तिने पडद्यावर सकाळच्या ड्रायव्हरची गाडी काढली. नकाशावर ठिपका सरकत होता. उद्या सहा, वेळेवर, शहाण्णव टक्के. तिने मॉडेलचा आकडा खोडून हाताने अकरा घातले, आणि फोन लावला.

पाचव्या रिंगला तो उचलला गेला. वारा आणि इंजिन.

"सकाळी गेटवर भेटले होते ना, ती बोलतेय. तुमची वेळ बदललीये. अकरा. गाडी बाजूला घ्या आणि झोपा."

"अकरा?" त्याचा आवाज जड, ओला येत होता. "मशीन म्हणतंय?"

"नाही. मी म्हणतेय."

नुसतं इंजिन.

"आणि मास्तर?" तो म्हणाला. "तिथं काठी खाणार कोण, ताई? तुम्ही?"

"सहापासून मी डॉकवर उभी असेन."

एक मोठी गाडी त्याला ओलांडून गेल्याचा आवाज आला, लांबपर्यंत. तिने फोन कानाशी घट्ट धरला. तिच्या मागे बाबा उठले होते, घड्याळ भिंतीच्या खिळ्यावर चढवत होते. सेल अजून बसला नव्हता, तो ते अंगठ्याने आत दाबत होते.

"ती काठी," तिच्याकडे पाठ ठेवूनच ते म्हणाले, "येताना घेऊन ये."

आणि तेवढ्यात टिक-टिक सुरू झाली. फोनमधून, गाडी कडेला घेताना लागतो त्या दिव्याची, की भिंतीवरची, तिला पटकन कळेना.