रंग उडाला, विष राहिलं

कारखान्याच्या फाटकासमोर लोक टाचा उंचावून बघत होते. टेबलावर काचेची मोठी बरणी, तिच्यात आमच्याच नाल्यातलं जांभळं पाणी. पांढऱ्या झग्यातल्या निर्मळबाबानं स्फटिकाची जाड कांडी त्यात बुडवली आणि डोळे मिटून ढवळायला सुरुवात केली.

"जाऽऽ मळा, जा! देहातून जा, मनातून जा, पाण्यातून जा!"

जांभळं पाणी गुलाबी झालं, पिवळसर झालं आणि बघता बघता नितळ! टाळ्यांचा कडकडाट झाला. बाटल्या पुढे आल्या. सगळ्यांत पुढे माझी आत्या.

मला शिसारी आली. ते पाणी कुठून आलंय हे मला ठाऊक होतं. रंगांच्या या कारखान्यात गाळण विभाग माझ्याकडे आहे. रंगाचा चिखल कापडी गाळण्यांवर अडवायचा आणि पाणी पुढे सोडायचं, एवढंच काम. पण नव्या रंगाचे कण इतके बारीक, की कापडाची भोकंच बुजायची. गाळणी तुंबली की मालक म्हणायचे, "कापड काढा, सोडा नाल्यात!" वस्तीची विहीर रंगली, लोक चिडले. तेव्हा मालकांनी गाळण्या सुधारण्याऐवजी बाबा आणला.

"आत्या, तुझं तोंड सोललंय. हे पिऊ नकोस."

"मळ बाहेर पडतोय, बाबा म्हणालेत. तू चार बुकं काय शिकलीस, लागलीस आम्हाला शिकवायला!"

मी बाटली हुंगली. वर अत्तर, खाली कपडे पांढरे करायच्या द्रावणाचा उग्र दर्प. तेच द्रावण आमच्या गोदामात पिंपांनी भरलेलं होतं.

गाळणीचा उपाय मला सापडला होता. चिखल सोडण्याआधी कापडावर सच्छिद्र मातीच्या भुकटीचा थर बसवायचा. बारीक कण त्या थरात अडकतात, कापड मोकळं राहतं. मालकांना दाखवलं, तर ते हसले. "बाई, लोक खूश आहेत. उगाच यंत्रं कशाला थांबवायची?"

बाबाच्या पुढच्या दरबारात मी बादली घेऊन गेले.

"बाबा, यात फक्त अंगणातली माती कालवली आहे. एवढं निर्मळ करा."

"करा बाबा, करा!" गर्दी ओरडली.

बाबानं कांडी फिरवली. गढूळ पाणी गरगरलं. त्यानं आणखी जोरात फिरवली. पाणी गढूळच.

"माती ही माता! मातेला कोण घालवणार?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी कांडी धरली, बाबानं हिसका दिला आणि टोकाचं बूच उडालं. पोकळ कांडीतलं द्रावण शेजारी उभ्या मालकांच्या निळ्या कोटावर सांडलं. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोटावर पांढुरके डाग उमटले.

"हाच चमत्कार," मी म्हणाले. "या द्रावणानं रंग उडतो, माती उडत नाही. आणि विषही उडत नाही." बाबाचं नितळ पाणी मी घरी ताटलीत आटवलं होतं. तळाशी राहिलेली खरखरीत खपली मी आत्यापुढे धरली. तिनं ती नखानं खरवडली आणि तोंडावर पदर धरला. "हे मी प्यायले?"

मग मी सोबत आणलेल्या गाळणीच्या कापडावर भुकटीचा थर बसवला आणि गढूळ पाणी ओतलं. खालून स्वच्छ धार लागली. एक आजोबा लगेच माझ्या पायांशी वाकले. बाबा उघडा पडून पाच मिनिटं झाली नव्हती आणि यांना नवा देव हवा होता!

"पाया काय पडता? ही गाळणी उलटी करून बघा, आत काही लपवलेलं नाही! आणि हेही पिऊ नका. गाळणीत माती अडते, विरघळलेलं विष नाही."

मालक डाग चोळत पुटपुटले, "लोकांना समाधान मिळत होतं ना?"

आत्याच ओरडली, "समाधान? माझ्या घशाखाली घास उतरत नाही, मेल्या!"

मालक कबूल होईपर्यंत लोक फाटकासमोरून हलले नाहीत. नाल्याचं तोंड बंद झालं, गाळण्यांवर थर बसले, उरलेलं पाणी तपासल्याशिवाय बाहेर पडेनासं झालं. बाबा मात्र मालकांच्याच गाडीतून पसार झाला. आता दुसऱ्या एखाद्या गावात बरणी मांडून बसला असेल.

तो तुमच्या दारी आला, तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: यात काय घातलंस? आणि उत्तर मिळेपर्यंत घोटभरही पिऊ नका.