मेणातलं बोट

छोट्याने नसलेलं बोट टेबलाच्या कडेवर घासलं. कडेला काहीच लागलं नाही, तरी तो घासत राहिला.

"ताई, तुझ्या कपाटात खाज सुटलीय बघ."

एरवी ताई हसली असती. कारखान्यात प्रेसखाली त्याची उजवी तर्जनी मुळाशी चिरडली, पण टोक शाबूत राहिलं होतं. शिकणाऱ्या पोरांना दाखवायला ते ताईच्या मेडिकल कॉलेजात न्या, असं त्यानेच सही करून सांगितलं. त्वचेचे काप काढण्यात ताईचा हात धरणारं कॉलेजात कुणी नव्हतं, आणि हे काम तर तिने दुसऱ्या कुणाला शिवूही दिलं नाही. आपणच ते कापतो, हे मात्र ती त्याला बोलली नव्हती.

"सोमवारी कामावर जायचंय," तो म्हणाला. "खाज सुटली की डावा हात आपोआप तिकडे धावतो. प्रेस चालू असताना धावला तर? तोही गेलाच म्हणून समज. भीती वाटते गं मला."

"मग मी काय करू, सांग."

"दाखव तरी मला. कोण एवढं छळतंय ते बघू दे."

सुट्टीच्या दिवशी ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन गेली. त्याच्या बोटाचा काप लावलेली काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. त्याने एक डोळा मिटला.

"वरच्या उंचवट्यात ती चळत दिसते? तिच्यातून नस नागमोडी जाते. नुसतं पीस फिरवलं तरी तिला कळतं. आता खाली बघ, कांदा आडवा कापल्यासारखं गोल. प्रेसची थरथर कळायची ती त्याच्यामुळे."

"आणि खाज?"

"तिला ना वेटोळं, ना वेष्टण. नुसते उघडे धागे, पार वरपर्यंत आलेले. या रंगात ते दिसत नाहीत. नवे काप काढून चांदीचा रंग द्यावा लागेल."

"मग काढ ना. उरलंय ना अजून?"

"आहे थोडंसं, कापता यावं म्हणून मेणाच्या ठोकळ्यात बसवलेलं."

"सगळं काप. संपव एकदाचं."

कापताना बघवेना म्हणून तो भिंतीकडे तोंड करून बसला. ताईने यंत्राचं चाक फिरवलं. पात्याखालून पातळ पट्टी निघाली. ती कुंचल्याने उचलून तिने कोमट पाण्यावर अलगद सोडली.

"हं. आता ऊब लागली," तो म्हणाला.

ताईने चाक थांबवलं. पाण्याबद्दल ती त्याला कधीच बोलली नव्हती.

"थांबू का रे?"

"छे, छे! किती दिवसांनी बरं वाटतंय."

म्हणून ती कापत राहिली. प्रत्येक पट्टी पाण्यावर उतरली की तो 'हं' म्हणायचा, आणि ती पुढची काढायची. तिला रडू येत होतं, पण हात हलू देऊन चालणार नव्हतं. मग बराच वेळ 'हं' आलं नाही.

"ताई, थांबलीस का गं?"

चाक फिरतच होतं. त्याची खडखड त्यालाही ऐकू येत असणार. तिने वाकून पात्याकडे पाहिलं. पट्टी येत होती, पण कोरी. त्यात नुसतं मेण होतं.

"संपलं रे," ती म्हणाली.

छोट्या वळला. डाव्या हाताने त्याने ती जागा चाचपली, पुन्हा चाचपली, आणि हात मांडीवर ठेवला. सोमवारची काळजी मिटली होती. त्याचं तोंड मात्र लहान मुलासारखं वाकडं झालं.

"एवढंसं तरी ठेवायचं होतंस," तो म्हणाला.