डावीकडची दाढ

रंजनाबाई आणि डॉक्टर नवलसिंग यांच्यात नऊ महिने कामापुरतंच बोलणं उरलं होतं, तेही एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता. शहाद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी पोरांची निवासी शाळा होती. तिच्या एका खोलीत दवाखाना, आणि रंजनाबाई तिथली नर्स. नवलसिंग दातांचे डॉक्टर, तापीकाठच्या मोठ्या घरातले, मुंबईत शिकलेले. पंधरा दिवसांनी एकदा जीपनं यायचे.

वाकडं आलं ते सिमेंटवरून. सहाव्या-सातव्या वर्षी पोराला मागची मोठी दाढ येते, ती दुधाची नसते. गेली की गेली. तिच्या माथ्यावरच्या खाचांत अन्न अडकतं आणि कीड तिथूनच आत शिरते. कीड लागायच्या आधीच त्या खाचा बुजवल्या तर? डॉक्टरांनी एकसष्टच्या जूनमध्ये चौपन्न पोरं निवडली. प्रत्येकाची खालची उजवी दाढ तांब्याच्या काळ्या सिमेंटनं भरली, डावी जस्ताच्या पांढऱ्यानं. दोन वर्षांनी कोणतं टिकलं ते पाहायचं आणि मुंबईच्या परिषदेत निबंध वाचायचा, असा बेत होता. काचेच्या पट्टीवर सिमेंट घोटायचं, पोरांची डोकी धरायची, त्यांच्या पावरी बोलीत त्यांची समजूत घालायची, हे रंजनाबाईचं काम. आईबापांनी विचारलं तर दोन्हीकडे औषध भरलंय एवढंच सांगा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिनं तेवढंच सांगितलं.

डिसेंबरात तपासणी झाली. उजवीकडचं काळं बहुतेक सगळ्यांचं जागेवर होतं. डावीकडचं पांढरं निम्म्याहून जास्त पोरांचं गळून गेलेलं, आणि चार-पाच जणांच्या खाचांत तपासायचा टोकदार आकडा अडकायला लागलेला, म्हणजे कीड शिरू लागलेली.

"मग डावीकडेही काळंच भरून घेऊ या," रंजनाबाई म्हणाली.

"आणि तुलना कशाची करू? दोन वर्षं म्हणजे दोन वर्षं. तुम्ही नर्स आहात, नर्सचं काम करा."

ती मुख्याध्यापक लोटन गुरुजींकडे गेली. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, त्यासना तोंडवर बोलू नका. मोठा माणूस शे. तुम्हले नोकरी करनी शे ना?"

नोकरी करायची होती. ती गप्प बसली. पण त्या दिवसापासून डॉक्टरांची जीप फाटकात शिरली की ती काचेची पट्टी पुसायला घ्यायची आणि मान वर करायची नाही.

भादव्यात तोरणमाळच्या बाजूनं कमलीबाई घाट उतरून आली. तिची कोकिळा दुसरीत होती. चार दिवस पोर जेवली नाही, असा निरोप वर पोचला होता. कोकिळाचा डावा गाल सुजून डोळा अर्धा झाकला होता. नेमका डॉक्टरांचा दिवस होता. त्यांनी तोंड उघडून पाहिलं आणि आरसा ताटलीत टाकला.

"काढावी लागेल. तिला सांगा, पोरीला गोड खाऊ घालू नको."

रंजनाबाईनं पावरीत सांगितलं. कमलीबाई डॉक्टरांकडेच पाहत म्हणाली, "पोर तुझ्या शाळेत खाते. गूळ तुम्ही देता. माझ्या घरी कुठला गूळ?"

ती कुणालाच अहो-जाहो करत नसे. रंजनाबाईनं शब्द न् शब्द मराठीत सांगितला. डॉक्टरांचा चेहरा ताठला.

कमलीबाईनं स्वतःच पोरीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. बराच वेळ आत पाहिलं. "ही काळी दाढ धड आहे. ती का सडली? दोन्हीकडे औषध भरलंय म्हणाली होतीस."

"काय म्हणते?" डॉक्टरांनी विचारलं.

"डावी का सडली विचारते."

"सांगा, एखादी सडते."

रंजनाबाईनं ते सांगितलं नाही. ती कमलीबाईकडे वळली आणि पावरीत म्हणाली, "औषधं दोन होती. पांढरं गळून गेलं. आम्हाला हिवाळ्यातच कळलं होतं. तरी भरलं नाही. कोणतं चांगलं ते पुरतं कळावं म्हणून तसंच ठेवलं."

कमलीबाईनं विचारलं, "सडेल हे ठाऊक होतं?"

"होतं."

"याला होतं. आणि तुला?"

"मलाही."

"आणि तू तिचं डोकं धरलं होतंस."

डॉक्टर उठून उभे राहिले होते. पावरी येत नसली तरी काय घडलं ते त्यांना उमगलं होतं. "सांगितलंत ना? आता हेही सांगा. मी आलो नसतो तर दोन्ही बाजू सडल्या असत्या!"

तिनं तेही सांगितलं. कमलीबाई म्हणाली, "मग आला नसतास तर बरं. सडल्या असत्या, पण सडताना बघत कुणी बसलं नसतं."

दाढ काढली. या वेळी पोरीचं डोकं आईनं धरलं, रंजनाबाईचा हात कोपरानं ढकलून. कापसाचा बोळा दाताखाली धरून कोकिळा आईच्या पाठीवर बसली आणि त्या शाळेत परत कधी आली नाही.

पुढच्या चार दिवसांत रंजनाबाईनं वर्गावर्गातून पोरं बोलावली. उरलंसुरलं पांढरं खरवडून दाढ पुसायची, कापसानं कोरडी करायची, काळं सिमेंट घोटून खाचांत दाबायचं. सव्वा वर्षापूर्वी चौपन्न वेळा तिनं हेच पाहिलं होतं. बेचाळीस डाव्या दाढा तिनं भरल्या. अकरा किडल्या होत्या, त्यांना हात लावायचं तिचं शिक्षण नव्हतं.

डॉक्टर आले, पहिल्याच पोराचं तोंड उघडलं आणि थिजले.

"कुणी केलं हे?"

"मी."

"माझं सव्वा वर्षाचं काम मातीत घातलंत तुम्ही!"

"अकरा राहिल्यात," ती म्हणाली. "त्या कोरून भराव्या लागतील. मला येत नाही."

त्यांनी शिव्या घातल्या नाहीत, एवढंच. तुलना तशीही संपली होती. संध्याकाळपर्यंत त्यांनी त्या अकरा दाढा भरल्या, दात-ओठ खात, पण नेटक्या. मग धुळ्याला तक्रार लिहिली. महिन्याभरात रंजनाबाईची बदली धडगावला झाली, सोबत ताकीद. निबंध सव्वा वर्षाच्या आकड्यांवरच वाचला गेला आणि काळं सिमेंट सरस ठरलं, असं लोटन गुरुजींकडून तिला कळलं.

धडगावच्या बाजारात पुढच्या उन्हाळ्यात तिला कमलीबाई दिसली. पुढ्यात चारोळीची टोपली. रंजनाबाई वाकली, म्हणाली, "कोकिळा कशी आहे? बाकीच्या पोरांच्या दाढा भरल्या मी."

कमलीबाईनं तिच्याकडे ओळखीनं पाहिलं. "माझ्या पोरीची नाही भरलीस," ती म्हणाली, आणि टोपली उचलून पलीकडच्या रांगेत जाऊन बसली.