बिल्ला नंबर ४१७

"हात लावू नकोस त्याला!" गुंडो देसाई इतक्या जोरात ओरडले, की मुग्धाच्या हातातली आईची तसबीर पडता पडता वाचली.

दाराशेजारच्या खिळ्यावर पितळी बिल्ला लटकत होता, ४१७ क्रमांकाचा. कोलारच्या खाणीत उतरताना प्रत्येकाने आपला बिल्ला फळीवर अडकवायचा आणि वर आल्यावर स्वतःच्याच हाताने काढायचा, असा शिरस्ता होता. बिल्ला फळीवर आहे म्हणजे माणूस अजून खाली आहे. कोलार बंद पडलं आणि तिथले इंजिनिअर असलेले गुंडो झांबियाला निघाले, तेव्हा त्यांनी तो गमतीने बेंगळुरूच्या या घरात टांगला आणि बायकोला म्हणाले, "सुचेता, खाली उतरलोय समज. कायमचा वर आलो की काढीन."

झांबिया, चिली, मग ऑस्ट्रेलिया. वर्षातून महिनाभर रजेवर येत, तेव्हा सुचेता हटकून विचारी, "यंदा काढताय ना?"

"अगं, ही नुसती जेवणाची सुट्टी. पाळी कुठे संपलीय?"

दोघंही हसत. ती दर शनिवारी बिल्ला चिंचेने लख्ख घाशी, पण खिळ्यावरून कधी उतरवत नसे.

या फेब्रुवारीत सुचेताच्या आजारापुढे डॉक्टरांनी हात टेकले. गुंडोंनी फोनवर मार्चअखेर परतण्याचा शब्द दिला, नव्या शाफ्टचं काम तेवढं उरकायचं होतं. एकोणीस मार्चला ती गेली. ते पोचले तेव्हा सगळे विधी आटोपले होते.

"दुसरा खिळा ठोक," ते आता म्हणाले.

"काँक्रीट आहे बाबा, ड्रिल लागतं. शेजारच्या धनलक्ष्मीअक्कांकडे आहे, पण तेही बिघडलंय."

तीन खंडांतले डोंगर पोखरणाऱ्या माणसाच्या घरात एक साधं ड्रिल नव्हतं.

"शेवटच्या शनिवारी तिला उभंही राहवत नव्हतं," मुग्धा म्हणाली. "मला म्हणाली, स्वल्प घासून ठेव. बाबा येतील, काळा दिसायला नको."

गुंडो उठले. तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी बिल्ला उतरवला. पुढून तो लखलखत होता. भिंतीकडची बाजू काळीठिक्कर पडली होती.

"आलो गं," ते म्हणाले, आणि त्यांना रडू आवरेना.

मग त्यांनी स्वतःच तसबीर खिळ्यावर लावली, जराशी सरळ केली. बिल्ला मुठीत घेऊन ते बराच वेळ तिथेच उभे राहिले. तो आता कुठे ठेवायचा, ते त्यांना कळत नव्हतं.